विधवेची दमडी आणि मूठभर तांदूळ

(बकरी ईदच्या तयारीसाठी घेतलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



बकरी ईद जवळ आली की आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपण रक्तदानाचे आवाहन करतो. कुर्बानीच्या रकमेतला काही भाग गरीब मुलांच्या शिक्षणासाठी द्या, असे सांगतो. मग मोहल्ल्यातले कुणीतरी विचारते, ‘तुम्ही कुर्बानीच बंद करायला निघालात का? त्याग म्हणजे काय ते तुम्ही आम्हाला शिकवणार?’ प्रश्न रागाने विचारलेला असला तरी चुकीचा नाही. त्याग म्हणजे नेमके काय, हे आपल्यालाही नीट सांगता आले पाहिजे. आपल्याच घरात बसून आपण हा विचार पुष्कळ वेळा केला आहे. आज शेजारच्या घरात जाऊन तो करावा, असे मला वाटले. म्हणून मी ख्रिस्ती परंपरेतील त्यागपूर्वक दानाबद्दल बोलणार आहे.

शेजारचे घर हे शब्द मी जाणूनबुजून वापरते. अहमदनगर, मिरज, वसई, केडगाव ही नावे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातली आहेत आणि तिथे मुसलमानही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मिरजेच्या मिशन दवाखान्यात उपचार घेतलेली माणसे आपल्या अनेक घरांत सापडतील. तरीही त्या दवाखान्यामागे, त्या शाळांमागे कोणता विचार होता, हे आपण क्वचितच विचारले. ‘बाहेरचा पैसा’ एवढ्या दोन शब्दांत आपण विषय संपवला. त्या समाजात गरीब माणूसही देतो, आणि का देतो, हे आपल्याला फारसे माहीत नाही.

सुरुवात एका गोष्टीने करते. ती मार्क आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत आहे. हजरत ईसा, ज्यांना ख्रिस्ती लोक येशू म्हणतात, यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसले आहेत. लोक येऊन पैसे टाकताहेत. श्रीमंत मोठ्या रकमा टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि सगळ्यांत हलकी अशी दोन नाणी टाकते. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हे दान ‘विधवेची दमडी’ म्हणून बसले आहे. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतात की, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकले. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिले, हिने जगण्यासाठी होते ते सगळे दिले.

यात दान मोजण्याचे माप बदलले आहे. किती दिले यावर जग दान मोजते. येथे मोजले जाते ते दिल्यानंतर देणाऱ्याजवळ काय उरले यावर. लाखातून हजार देणाऱ्याच्या ताटातला एक घासही कमी होत नाही. दमडी देणारीची चूल त्या दिवशी पेटेल की नाही, हा प्रश्न असतो. ज्याची झळ देणाऱ्याला लागते ते त्यागपूर्वक दान.

आपल्याकडे हेच आहे. नसाईंच्या हदीससंग्रहात एक रिवायत आहे की, एक दिरहम एक लाख दिरहमांच्या पुढे निघून गेला. सहाबांनी विचारले, हे कसे? तर एका माणसाकडे दोनच दिरहम होते, त्यातला एक त्याने दिला. दुसऱ्याने प्रचंड संपत्तीच्या एका कोपऱ्यातून लाख उचलून दिले. कुरआनमध्ये मदीनेच्या अन्सारांचे कौतुक आहे ते याचसाठी, की स्वतः गरजेत असूनही त्यांनी दुसऱ्याला पुढे ठेवले. त्याला आपण ईसार म्हणतो. जकात हा हिशेब आहे, अडीच टक्क्यांचा. ईसार हिशेबाच्या पलीकडे सुरू होतो. ख्रिस्ती परंपरा ज्याला त्यागाचे दान म्हणते, त्याला आपल्या भाषेत सगळ्यांत जवळचा शब्द ईसार हाच आहे.

पण विधवेची गोष्ट इथे थांबत नाही. मार्कचे शुभवर्तमान उघडून आधीच्या दोन-तीन ओळी वाचा. तिथे येशू त्या काळच्या धर्मशास्त्र्यांवर कडक टीका करतात. लांब झगे घालून बाजारात मानाचे नमस्कार घेणारे, पुढच्या आसनांवर बसणारे आणि विधवांची घरे गिळणारे, असे ते त्यांचे वर्णन करतात. लगेच पुढे ही विधवा येते. तिचे दान झाल्यावर शिष्य मंदिराच्या भव्य दगडांचे कौतुक करू लागतात, तेव्हा येशू सांगतात की यातला दगडावर दगड राहणार नाही. हा क्रम लक्षात घेतला की गोष्टीचा अर्थ दुहेरी होतो. त्या बाईची श्रद्धा मोठी आहे, यात शंका नाही. पण जिला मंदिराने सांभाळायला हवे होते, तिच्याकडूनच शेवटची दमडी घेणारी व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. शतकानुशतके अनेक मंडळ्यांत पाळकांनी पहिला अर्थ व्यासपीठावरून सांगितला आणि दुसरा गाळला. कारण उघड आहे. पहिल्याने दानपेटी भरते आणि दुसऱ्याने दानपेटी ठेवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. गरिबाच्या त्यागाचे गुणगान कोण करतो आहे आणि त्यात त्याचा फायदा काय, हे विचारायची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यायला हवी.

आता श्रद्धेच्या मुळाशी जाऊ. इथे आपल्यात आणि ख्रिस्ती लोकांत खरा फरक आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. हजरत इब्राहीम यांच्या परीक्षेची गोष्ट दोघांकडे आहे. आपल्या परंपरेत हजरत इस्माईल, त्यांच्याकडे इसहाक. ख्रिस्ती श्रद्धेनुसार बलिदानाचा विषय क्रुसावर एकदाच आणि कायमचा संपला. देवानेच आपले सर्वस्व दिले. आपण मुसलमान ही श्रद्धा मानत नाही. कुरआनची भूमिका वेगळी आहे. पण त्या श्रद्धेतून दानाबद्दल काय निघते ते समजून घेतले पाहिजे. बलिदान आधीच झाले असेल, तर माणसाचे दान देवाला खूश करण्याची किंमत असू शकत नाही. ते आभार असते. मिळाले आहे म्हणून द्यायचे, मिळावे म्हणून द्यायचे नाही. नव्या करारात ठराविक दशांशाची सक्ती शिकवलेली नाही. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो त्याचा भाव असा की, प्रत्येकाने मनात ठरवले असेल तसे द्यावे, कुरकुरत किंवा जबरदस्तीने देऊ नये.

हा विचार विसरला की काय होते, तेही ख्रिस्ती इतिहासातच दिसते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममधील संत पीटरच्या नव्या चर्चसाठी पैसा हवा होता आणि युरोपात पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकली जात होती. गरीब माणूस मेलेल्या आईबापांच्या आत्म्यासाठी पैसे मोजत होता. 1517 साली मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आपले 95 मुद्दे मांडले आणि युरोपचा इतिहास बदलला. ल्यूथरचा आक्षेप देण्यावर नव्हता. देवाची कृपा विकत मिळते, या समजुतीवर होता. आज तीच समजूत नव्या कपड्यांत परत आली आहे. काही प्रचारक सांगतात, तुम्ही देवाला पेरणी म्हणून पैसे द्या, देव शंभरपट पीक देईल. कर्जात बुडालेली माणसे शेवटची बचत तिथे टाकतात. त्याला दान म्हणता येत नाही. ती श्रद्धेच्या नावाने लावलेली बोली आहे.

आपण हसण्याची गरज नाही. ईदच्या आधी बाजारात एखाद्या बोकडाची किंमत लाखांत जाते, अंगावर अमुक अक्षर उमटले म्हणून. त्याचे फोटो निघतात, व्हिडिओ फिरतात. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो, हे सूरह हज्जमध्ये इतके स्पष्ट सांगितले असताना बोकडाच्या किमतीत सवाब मोजणारी माणसे आपल्याकडेही आहेत. आणि मोठ्या बोकडाच्या दिखाव्यामुळे ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो कर्ज काढून कुर्बानी करतो. ऐपत नसलेल्यावर कुर्बानी वाजिब नाही, हे त्याला सांगायला कुणी जात नाही.

आता पौलाच्या त्या पत्राकडे परत येते, कारण आपल्यासारख्या संघटनेला त्यातून सगळ्यांत जास्त शिकता येईल. पहिल्या शतकाच्या मध्यात यरुशलेमची मंडळी फार गरिबीत होती. पौल ग्रीसमधल्या मंडळ्यांकडून तिच्यासाठी वर्गणी गोळा करत होता. करिंथ हे व्यापारी शहर, तिथे पैसा होता, पण देणे रखडले होते. उत्तरेकडच्या मॅसेडोनियातील मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी आपल्या ऐपतीबाहेर दिले, आम्हालाही यात वाटा द्या म्हणून विनवले. पौल करिंथकरांना हे उदाहरण देतो आणि मग दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, दुसऱ्यांना आराम मिळावा आणि तुमच्यावर ओझे पडावे, असा हेतू नाही. हेतू समतेचा आहे. आज तुमच्याकडे जास्त आहे, त्यांच्याकडे कमी. उद्या उलटे होईल. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द समानता याच अर्थाचा आहे. म्हणजे दान हे वरून खाली फेकलेले नाणे राहत नाही. देणारा आणि घेणारा एकाच पातळीवर यावेत, म्हणून ते आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एवढी मोठी रक्कम आपल्या हातून जाणार आहे, तेव्हा कुणालाही बोट दाखवायला जागा राहू नये, असे पौल लिहितो. म्हणून रक्कम घेऊन तो एकटा जात नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर असतात. देवासमोर प्रामाणिक असणे पुरेसे नाही, माणसांसमोरही प्रामाणिक दिसले पाहिजे, अशी त्याची भूमिका आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एक धर्मप्रचारक, ज्याच्या शब्दाला एवढे वजन होते, तो स्वतःवर देखरेख लावून घेतो. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणून हिशेबाचा प्रश्न उडवून लावणाऱ्या आपल्या जमातीच्या, मशिदीच्या, ट्रस्टच्या आणि हो, संघटनांच्या पुढाऱ्यांनी हे वाचण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा 1950 पासून आहे, वक्फसाठीही कायदा आहे. कागद आहेत. पण ज्याने शंभर रुपये दिले त्याला त्या शंभर रुपयांचे काय झाले ते कळते का, हा खरा प्रश्न आहे.

एवढे विचाराबद्दल झाले. आता एक उदाहरण, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे. ते आपल्या देशातलेच आहे, पण आपल्या नकाशाच्या टोकाला असल्यामुळे आपल्या बोलण्यात कधी येत नाही.

मिझोराम. तिथे ख्रिस्ती धर्म 1894 नंतर पोहोचला आणि 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे 87 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. डोंगराळ मुलूख, झूम शेती, अनेक पिढ्यांची गरिबी. तिथे बांबूला दर अठ्ठेचाळीस-पन्नास वर्षांनी फुलोरा येतो, उंदरांची पैदास वाढते, उंदीर शेतातले धान्य फस्त करतात आणि दुष्काळ पडतो. त्याला ते मौताम म्हणतात. 1911-12 मध्ये तो आला, 1959 मध्ये आला आणि 2007 च्या सुमारास पुन्हा आला.

अशा मुलखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिझो ख्रिस्ती बायकांनी एक प्रथा सुरू केली. तिचे नाव बुह्फाई थम, म्हणजे मूठभर तांदूळ. बाईने स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतले की शिजवण्यापूर्वी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकायची. प्रत्येक जेवणाच्या वेळी. ठरलेल्या दिवशी मंडळीतल्या बायका घरोघरी जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते चर्चमध्ये जमा होतात, विकले जातात आणि त्या पैशातून मंडळीचे काम चालते. सुरुवातीला रक्कम अगदी किरकोळ होती. आज शंभर वर्षांनंतर ही प्रथा चालू आहे आणि मिझोरामची मंडळी आपल्या सेवाकार्याचा मोठा भार स्वतःच्या खिशातून उचलते. ‘बाहेरचा पैसा’ या आरोपाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

या प्रथेत काय आहे, ते नीट पाहू या. ज्याच्याकडे रोख पैसा नाही, त्यालाही देता येते. शिजवणाऱ्या प्रत्येक घराला देता येते, म्हणून देणारे आणि न देणारे असा भेद राहत नाही. उरलेले अन्न द्यायचे नाही. शिजण्यापूर्वी, आपल्या वाट्याला येण्यापूर्वी काढायचे. घरातल्या प्रत्येकाच्या पानात थोडे थोडे कमी पडते, म्हणजे लहान मूलही त्या दानात सहभागी असते. आणि ते रोजचे आहे. वर्षातून एक दिवस मोठा त्याग करून उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोकळे राहण्याची सोय त्यात नाही.

महाराष्ट्रातील माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला, घरोघरची मूठमूठ धान्य जमवून. त्या मुठीतून बहुजन समाजाची पोरे शिकली, त्यात मुसलमान मुलेही होती. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्या ग्रामीण चर्चमध्ये सुगीनंतर आभाराची उपासना होते, तिथे लोक ज्वारीचे पोते, भोपळा, कोंबडी, अंडी घेऊन येतात. मग त्याचा लिलाव होतो आणि साधा भोपळा कुणीतरी पाचपट किमतीला घेतो. एकाने वस्तू दिली, दुसऱ्याने पैसे दिले, दोघांचेही दान झाले. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच आहे. गरीब माणसाला फक्त घेणारा समजू नका. त्याला देणारा होण्याचा मान द्या.

इथे मला एक अडचणीचा मुद्दा मांडायचा आहे. मिझोरामची मूठ कोण काढते? बाई. सुवार्तेतली दमडी कोणाची? बाईची. मंगळसूत्र कोणी मोडले? बाईने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची उदारता महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मोठा माणूस. पण त्या उदारतेचा रोजचा हिशेब कसा लागत होता, ते वाचायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचावे लागते. हाती आलेला पैसा पाहुण्यांवर, गरजूंवर निघून गेल्यावर घरात काय शिजवायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या पदरात पडत होता. त्यांनी तो हसत हसत लिहिला आहे, म्हणून आपणही हसतो. पण नवरा दाता म्हणून ओळखला जातो तेव्हा त्याच्या दानाची झळ घरात कुणाला लागते, हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कुठे आले असेल.

आणि निर्णय कोण घेते? मिझो बायकांच्या मुठीवर मंडळीचे काम उभे राहिले, पण त्यांच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळकपदाची दीक्षा अनेक दशके पुरुषांनाच मिळत राहिली. तांदूळ चालले, स्वयंपाकघर चालले, व्यासपीठ मात्र चालले नाही.

आता आपल्याकडे वळू. दागिन्यांवरची जकात काढणारी बाई असते. ईदगाहवर नबींनी सदक्याचे आवाहन केले, तेव्हा बायकांनी कानातले आणि हातातले काढून हजरत बिलाल यांच्या पसरलेल्या कपड्यात टाकले, ही हदीस बुखारीत आहे. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्या बायका ईदच्या नमाजला तिथे हजर होत्या. दोन, त्यांनी स्वतःच्या मालकीचे स्वतःच्या मनाने दिले, घरी जाऊन परवानगी घेतली नाही. आज आपल्या किती मोहल्ल्यांत बायकांना ईदगाहवर जागा आहे? जकात वाटणाऱ्या किती समित्यांवर एक तरी बाई आहे? तलाक झालेल्या, टाकलेल्या, विधवा बहिणीला मदत मिळावी की नाही, हे ठरवणारे सगळे पुरुष. तिने त्यांच्यासमोर जाऊन आपली कहाणी सांगायची. ही चळवळ ज्या प्रश्नांवर उभी राहिली, त्यात हा प्रश्न कुठेतरी सुरुवातीलाच आहे.

शेवटचा मुद्दा संशयाचा. दान करणाऱ्या अल्पसंख्याकाकडे नेहमी संशयाने पाहिले जाते. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, मग ते पुण्याला नेले. बालविधवांना शिक्षण आणि निवारा देणारी ती संस्था होती. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जात असल्याचा गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. तीन वर्षांनी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले आणि काही वर्षांत तिथल्या स्त्रिया-मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. रमाबाई उघडपणे ख्रिस्ती होत्या, आपली श्रद्धा त्यांनी लपवली नाही आणि त्या श्रद्धेचा प्रभाव तिथल्या मुलींवर पडला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्यांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांच्यापैकी किती जण त्या दुष्काळी मुलींच्या दारात गेले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. ग्रॅहम स्टेन्स 1965 पासून ओडिशात होते, मयूरभंज भागात कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावी गाडीत झोपलेले असताना जमावाने त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना, दहा वर्षांच्या फिलिपला आणि सहा वर्षांच्या टिमोथीला, जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि मुलीला घेऊन त्या पुढची काही वर्षे तिथेच कुष्ठरोग्यांचे काम करत राहिल्या. 2005 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खटला चालला, शिक्षा झाली. क्षमा आणि कायदा यांचे रस्ते वेगळे आहेत. पण एवढे गमावल्यावर त्याच लोकांत राहून त्याच जखमा धुणे हे दानाचे असे टोक आहे की तिथे पैशाचा हिशेब संपतो.

मदत करून धर्म बदलायला लावतात, हा आरोप सरसकट खोटा आहे असे मी म्हणणार नाही. भाकरीला अट जोडण्याचे प्रकार झाले असतील तिथे ते चूकच. म्हणून कसोटी साधी ठेवावी. समोरचा माणूस आहे तसाच राहिला तरी ही मदत त्याला मिळेल का? मिळत असेल तर ते दान, नाही तर तो सौदा. ही कसोटी आपल्यालाही लावू. जकात मुसलमानालाच, असे बहुतेक फकीहांचे मत आहे. पण सदका कुणालाही देता येतो. आणि सूरह दहरमध्ये गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालणारे जे लोक आहेत, ते मोबदला तर सोडाच, आभाराचे शब्दही मागत नाहीत. आपल्या ईदच्या रक्तदानातली पिशवी कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या माणसाला चढणार, हे आपल्याला माहीत नसते. म्हणूनच ते दान मला महत्त्वाचे वाटते. मत्तयच्या शुभवर्तमानात उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये अशी शिकवण आहे, तीच आपल्या हदीसमध्ये आहे. रक्तपेढीत ती आपोआप पाळली जाते.

एक इशारा देऊन मी थांबते. दान कितीही त्यागाचे असले तरी ते हक्काची जागा घेऊ शकत नाही. विधवेला पोटगी मिळाली पाहिजे, मुलीला वारशातला हिस्सा मिळाला पाहिजे, मोहल्ल्यात सरकारी शाळा आणि दवाखाना आला पाहिजे. हे हक्क डावलून वर्षातून एकदा धान्याची पिशवी देणारा समाज स्वतःला दाता म्हणवून घेतो, तेव्हा तो विधवांची घरे गिळणाऱ्यांच्याच रांगेत उभा असतो.

तेव्हा या ईदसाठी माझ्या सूचना चार आहेत. आपल्या निधीचा जमाखर्च, अगदी दहा रुपयांच्या पावतीसह, ईदनंतर महिनाभरात मोहल्ल्यातल्या फलकावर आणि आपल्या मासिकात छापावा. निधी कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या बायका असाव्यात, आणि त्यातली किमान एक अशी असावी जिने स्वतः कधीतरी मदत घेतली आहे. मदतीच्या अर्जावर धर्माचा रकाना नसावा. आणि चौथी, ज्या घरांना कुर्बानी परवडत नाही त्या घरांकडूनही आपण काहीतरी मागावे. एक मूठ तांदूळ, एक तास शिकवणी, एक बाटली रक्त. त्यांना वगळू नये. ज्यांना आपण आजवर फक्त वाटप करत आलो, त्यांच्याकडे हात पसरून जाऊ. ते नाही म्हणणार नाहीत.

आता चर्चेला सुरुवात करू या. पहिल्या दोन सूचनांना विरोध होणार आहे हे मला माहीत आहे, म्हणून बोलायला सुरुवात विरोध करणाऱ्यांनीच करावी.